सोळा वर्षांच्या मुलामागे: मदुराई ते तिरुवण्णामलाई

आधीच सांगतो, मी अध्यात्मातला माणूस नाही. मावशी आहे. तमिळनाडूतले संत रमण महर्षी, त्यांचा तो प्रसिद्ध फोटो, पांढरी दाढी, बारीक केस आणि ते डोळे, तिच्या हॉलमध्ये माझ्या लहानपणापासून टीव्हीच्या वर लटकलाय. गेल्या वर्षी काका गेले, त्याआधी बरीच वर्षं डिमेन्शिया होता, आणि वर्षश्राद्ध झाल्यावर मावशी म्हणाली मला तिरुवण्णामलाईला, महर्षींच्या आश्रमाच्या गावी, जायचंय पण डायरेक्ट नाही, तो मुलगा ज्या रस्त्याने गेला त्या रस्त्यानेच. तो मुलगा म्हणजे महर्षी. हल्ली ती त्यांना असंच म्हणते. रिझर्व्हेशन करायला आणि बॅगा उचलायला मी.

शनिवार, मदुराई

मीनाक्षी मंदिराच्या जवळच, चोक्कप्प नायक्कन स्ट्रीट नावाच्या गल्लीत ते घर आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, स्कूटर, रिक्षा, मधेच हे एक शांत दार, पटकन दिसतही नाही. घर महर्षींच्या काकांचं. वडील वारल्यावर वेंकटरमण, म्हणजे लहानपणीचे महर्षी, आणि मोठा भाऊ नागस्वामी इथे शिकायला राहिले होते. आश्रमाने जपलंय आता. आत एक छोटी खोली आहे, फोटो, समई, बसायला चटया, बस्स.

जुलै १८९६ मध्ये इथे जे झालं ते मला मावशीने लहानपणी गोष्टीसारखं सांगितलं होतं, पण खोलीत बसून ऐकल्यावर वेगळंच वाटलं. मुलगा सोळा वर्षांचा, तब्येतीने दणकट, फुटबॉल खेळणारा, कुस्ती करणारा. एकटा बसलेला असताना एकदम त्याला वाटलं की आपण आत्ता मरतोय. ताप नाही, दुखणं नाही. त्याने कुणाला हाक मारली नाही, डॉक्टर नाही, काही नाही. आडवा झाला, हातपाय प्रेतासारखे ताठ केले, ओठ मिटले, श्वास धरला, आणि बघायला लागला की हे शरीर मेलं, आता हे लोक उचलून मसणात नेतील, जाळतील, मग मी मेलो का? अर्ध्या तासाच्या आत सगळा कारभार आटोपला म्हणे आणि तेव्हापासून आधीचा वेंकटरमण परत आलाच नाही.

आपल्याकडे साक्षात्कार म्हटलं की कसं, प्रकाश, आनंदाश्रू, मागे बासरी. इथे सुरुवातच मुळी दरदरून घाम फोडणाऱ्या भीतीने आहे, आणि हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय, कुणी नास्तिकाने शोधून काढलेलं नाही. पुढच्या आठवड्यांत घरच्यांना काय दिसलं असेल बघा: पोरगा अभ्यास करत नाही, मित्रांत जात नाही, ताटात पडेल ते खातो, कुणी बोललं, टोमणा मारला तरी उलट उत्तर नाही, आणि संध्याकाळी एकटाच मीनाक्षीच्या देवळात जाऊन मूर्तींसमोर रडत उभा. आज असतं तर शाळेने पालकांना बोलावून घेतलं असतं आणि मला वाटतं बरोबरच केलं असतं.

मावशी खोलीत बराच वेळ बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "ह्यांनाही सुरुवातीला अशीच भीती वाटायची रे. काहीतरी चाललंय माझं, म्हणायचे. काय चाललंय ते सांगता यायचं नाही."

मी काही बोललो नाही. खाली येऊन जिगरठंडा प्यायलो. मदुराईत तो प्यायलाच पाहिजे, त्याबाबत मात्र मी पूर्ण श्रद्धाळू आहे.

रविवार, वैगई एक्सप्रेस, विल्लुपुरम, तिरुक्कोविलूर

सकाळची वैगई पकडली. खिडकीत मावशी, तिच्या मांडीवर इडलीचं पार्सल, आणि डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात २९ ऑगस्ट १८९६ ची हकीगत.

शाळेत इंग्रजी व्याकरणाचा धडा पाठ केला नाही म्हणून तीनदा लिहून आणायची शिक्षा मिळालेली. दोनदा लिहून झाला आणि तिसऱ्यांदा लिहिताना त्याने वही बाजूला सारली, डोळे मिटून बसला. समोर नागस्वामी. तो वैतागून म्हणाला, असंच वागायचं असेल तर ह्या सगळ्या गोष्टी कशाला हव्यात? म्हणजे घर, शाळा, पुस्तकं. मोठे भाऊ बोलतात तसं बोलला बिचारा. आणि ह्याला पटलं! उठला, शाळेत जादा तास आहे अशी थाप मारली, तर भाऊ म्हणतो जातोच आहेस तर पेटीतले पाच रुपये घे आणि माझी कॉलेजची फी भरून ये. धाकट्याने त्यातले तीन घेतले, दोन ठेवले, आणि चिठ्ठी लिहिली.

ती चिठ्ठी म्हणजे ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात अंगावर येणारा कागद आहे असं माझं मत. सुरुवात 'मी'ने आहे, मी माझ्या पित्याच्या शोधात, त्याच्या आज्ञेने निघालोय. पण लगेच पुढच्या वाक्यात 'मी' गायब. हे चांगल्या कामालाच लागलंय, तेव्हा ह्यासाठी कुणी दुःख करू नये, ह्याला शोधायला पैसे घालवू नयेत. म्हणजे स्वतःबद्दलच, पण एखाद्या पार्सलबद्दल लिहावं तसं. खाली, तुझी फी भरलेली नाही, सोबत दोन रुपये आहेत. आणि सहीच्या जागी नाव नाही, नुसती रेघ.

नागस्वामीने ती रेघ बघितली तेव्हा त्याला काय वाटलं असेल ह्याचा विचार कुणी करत नाही.

मावशी इडली संपवून हात पुसत म्हणाली, "ह्यांची सही आधी लहान लहान होत गेली. मग पेन्शनच्या फॉर्मवर नुसत्या रेघोट्या यायला लागल्या. बँकेतला मुलगा चांगला होता, म्हणाला काकू अंगठा चालेल. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बिलांवर सह्या केल्या होत्या माणसाने." मग जरा थांबून, "सहीच्या जागी रेघ आली म्हणून एकाला महर्षी म्हणायचं आणि एकाला पेशंट. मला काय म्हणायचंय कळतंय ना तुला?"

कळत होतं. उत्तर नव्हतं. विल्लुपुरम आलं.

त्या मुलाकडे नकाशाचं जुनं पुस्तक होतं, त्यात तिरुवण्णामलाईची रेल्वेलाइनच नव्हती, त्यामुळे त्याने दोन रुपये तेरा आण्यांचं तिंडिवनमचं तिकीट काढलेलं. डब्यातल्या एका मौलवींनी सांगितलं की अरे विल्लुपुरमलाच उतर, गाडी बदल. उरलेल्या पैशात मांबळप्पट्टूपर्यंत गेला आणि पुढे चालत, मैलोनमैल, उपाशी. आम्ही टॅक्सी केली. अरैयणिनल्लूरचं देऊळ पेण्णैयार नदीकाठी एका मोठ्या खडकावर आहे, तिथे त्याला रात्री झगझगीत उजेड दिसला म्हणतात. पण मला आवडला तो पुढचा भाग. नदीपलीकडच्या किळूरच्या देवळात त्याने पुजाऱ्यांकडे भात मागितला, ते नाही म्हणाले, आणि ढोल वाजवणाऱ्या माणसाने आपल्या वाटचा भात ह्याला दिला. दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमी होती, एका घरात जेवला, तिथेच कानातल्या सोन्याच्या कुड्या गहाण टाकून चार रुपये घेतले, आणि स्टेशनवर आल्यावर पावती फाडून टाकली.

"मी गेला तरी भूक काय जात नाही बघ," मावशी म्हणाली, आणि आम्ही एका मेसमध्ये सांबारभात खाल्ला.

सोमवार, तिरुवण्णामलाई

डोंगर आधी दिसतो, गाव नंतर. अरुणाचल उंचीला आपल्या सह्याद्रीपुढे काही नाही, आठशे मीटरच्या आसपास, पण सपाट मुलखात एकटाच बसलाय त्यामुळे नजर सारखी तिकडेच जाते. देवळाचा राजगोपूर अकरा मजली. सकाळी सात वाजता दगड अजून गार होते, दहाला पाय भाजायला लागले.

१ सप्टेंबर १८९६ ला तो इथे पोचला. अय्यनकुळम तलावावर उरलेले पैसे आणि खाऊची पुडी पाण्यात फेकली, डोकं भादरून घेतलं, जानवं काढलं, धोतर फाडून लंगोटी केली. हे झालं त्याच्या बाजूने. त्याच्या आईला हे काहीच माहीत नव्हतं, त्यांना दोन वर्षं पत्ताच नव्हता पोराचा.

सहस्रखांबी मंडपात आधी बसायचा, तर गावातली टारगट पोरं दगड मारायची. म्हणून तळघरात गेला, पाताळलिंगापाशी. आम्ही पायऱ्या उतरून गेलो. आता स्वच्छ आहे, लाइट आहे, १९४९ मध्ये दुरुस्त करून राजगोपालाचारींच्या हस्ते खुलं केलं. तरी आत गेल्यावर हवा जड लागते आणि घाम मानेवर चिकटून राहतो. त्या काळी दिवसाही काळोख, ओल, मुंग्या, किडे. तो बसला तो हललाच नाही. मांड्यांच्या मागची कातडी किड्यांनी खाल्ली, रक्त पू वाहायला लागला, त्याला पत्ता नाही. शेषाद्री स्वामी म्हणून एक अवलिया त्याची राखण करायचे. शेवटी लोकांनी उचलून बाहेर काढला तेव्हाही डोळे मिटलेलेच. व्रण शेवटपर्यंत होते. नंतर देवीच्या अभिषेकाचं दूध, त्यात हळद, केळी, साखर सगळं मिसळलेलं, ते तोंडात ओतायचे म्हणून जगला.

मावशी त्या कठड्याला धरून उभी होती. आमच्यामागे एक गुजराती ग्रुप फोटोसाठी खोळंबलेला. ती म्हणाली, "बेडसोअर." बाहेर येऊन पुन्हा, "बेडसोअरच ते. मी दर दोन तासांनी ह्यांची कूस बदलायचे, एअरबेड आणला, पावडर लावायचे, तरी एक झालंच कंबरेपाशी. ह्यांनाही दुखत नव्हतं. मी ड्रेसिंग करताना हसायचे माझ्याकडे बघून. ह्या बाई फार करतात हो माझं, असं नर्सिंग ब्युरोच्या मुलाला सांगायचे."

मला खरं तर त्या क्षणी ह्या महर्षी लोकांचा राग आला. म्हणजे त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्यांचा. देहभान हरपलं, असं एका शब्दात लिहून मोकळे होतात. ते हरपलेलं देहभान कुणीतरी दुसरा माणूस सांभाळत असतो, दूध पाजतो, पू पुसतो. शेषाद्री स्वामी नसते, तो दूध ओतणारा नसता, तर एका बेवारस पोराचा मृत्यू एवढीच ह्या गोष्टीची किंमत.

मंगळवार, डोंगरावर

आश्रमाच्या मागच्या दारातून दगडी पायवाट वर जाते. अनवाणी जाणारे बरेच. मावशीचे गुडघे बघता मी नको म्हणत होतो पण ती काठी घेऊन माझ्या आधी स्कंदाश्रमात पोचली. तिथून खाली देऊळ पूर्ण दिसतं. पुढे थोडं उतरलं की विरूपाक्ष गुहा, तिथे ते १८९९ ते १९१६ राहिले.

गुहेत पंख्याचाही आवाज नाही, गरम, आणि इतकी शांतता की स्वतःच्या कानातला सूं आवाज ऐकू येतो. इथेच १९०२ च्या सुमारास शिवप्रकाशम पिळ्ळै नावाच्या गृहस्थांनी प्रश्न विचारले आणि मौनात असलेल्या ह्या तरुणाने लिहून उत्तरं दिली. मी कोण, हा धरून बसायचा प्रश्न. करून बघू म्हणून मीही बसलो. मी कोण, तर आधी गुडघा, मग ऑफिसचं अप्रेझल, मग घरी गॅस बंद केला का. तेवढ्यात एकदा, फार तर दोन सेकंद, असं झालं की विचार चालू आहेत पण ते कुणाचे आहेत तेच सापडेना, आणि जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली पायरी नसावी तसा पोटात खड्डा पडला. मी डोळे उघडून सरळ बाहेर आलो आणि माकडांकडे बघत बसलो. आनंद वगैरे काही नव्हता. मला तो प्रकार अजिबात आवडला नाही.

जवळच एक खडक आहे, कासवासारखा. १९१२ मध्ये पच्चैअम्मन देवळाकडून परत येताना महर्षींना इथे पुन्हा तसंच झालं, डोळ्यांसमोर पांढरा पडदा सरकत आला, नाडी बंद, अंग निळं, सोबतचा भक्त मिठी मारून रडायला लागला. दहापंधरा मिनिटांनी रक्त परत वाहायला लागलं. ह्यावेळी भीती नव्हती. सोळा वर्षं मध्ये गेली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुस्तकांत पहिल्या अर्ध्या तासावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात, नंतरच्या ह्या सोळा वर्षांवर त्या मानाने फारच कमी.

उतरताना मावशीला आपले खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज आठवले. विडीचं दुकान चालवलं, पोटमाळ्यावर बसून मराठीतून हेच सांगितलं. मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनियर आधी इथे महर्षींकडे यायचा, नंतर मुंबईत महाराजांकडे. त्यानेच ते मराठी बोलणं इंग्रजीत नेलं. "महाराजांना विड्यांचा हिशेब कळायचा," मावशी म्हणाली. "आणि हे महर्षी पहाटे उठून स्वयंपाकघरात भाज्या चिरायचे, पुस्तकं बांधायचे, पेपर वाचायचे. कुणाला वाढायचं राहिलं ते लक्षात असायचं. ह्यांना मी लक्षात नव्हते. हा फरक आहे ना? मोठा फरक आहे." ती मला विचारत नव्हती, ताळेबंद जुळवत होती.

बुधवार, आश्रम आणि चेंगम रोड

आश्रमाचं रूटीन छान आहे. सकाळी नाश्ता, साडेअकराला पंगत, जमिनीवर पानात जेवण, वाढणारे इतक्या वेगाने येतात की नको म्हणेपर्यंत भात पडलेला असतो. मोर पत्र्यावरून ओरडतात. संध्याकाळी वेदपठण. लक्ष्मी गाईची समाधी आहे, ती १९४८ मध्ये गेली तेव्हा महर्षी शेजारी बसले होते.

गेटबाहेरचा चेंगम रोड मात्र वेगळंच जग आहे. कॅफे, सेंद्रिय ब्रेड, भिंतींवर सत्संगाच्या जाहिराती, अमुक इतक्या साली जागृती झालेले गोरे गुरू. तिथे चहा पिताना मराठी ऐकून एक मुलगा आमच्या टेबलावर आला. कोथरूडचा, आयटीतला, नोकरी सोडून आलेला. ऑनलाइन कुणाचे तरी सेशन करत होता, दिवसाचे पाच-सहा तास मी कोण, आणि काही महिन्यांपूर्वी 'मी' खरंच गेला म्हणाला. सांगताना हसत होता पण कपाच्या कानात घातलेलं बोट सतत हलत होतं. हात दुसऱ्याचे वाटतात. आरशातला माणूस ओळखीचा वाटतो पण आपला नाही. आईचा फोन आला की आवाज येतो, पुढे काहीच होत नाही. रात्री झोप नाही. गुरूंना सांगितलं तर ते म्हणाले अभिनंदन, हीच प्रगती आहे, जे घाबरतंय तोच अहंकार.

मला वाटलं मावशी आता श्लोक सांगेल. ती म्हणाली, "जेवतोस का वेळेवर? वजन किती कमी झालं? शेवटची सलग झोप कधी लागली?" मग म्हणाली, "ह्याला डॉक्टरांकडे नाव आहे, डिपर्सनलायझेशन. माझ्या मिस्टरांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे बसून बसून मला बरंच कळायला लागलंय. हे ते आहे का, ते मला सांगता येणार नाही आणि तुझ्या त्या गुरूलाही येणार नाही. तू आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ब्रह्म असेल तर गोळ्यांनी जाणार नाही."

मुलगा खो खो हसला आणि मग रडला. कॅफेतले बाकीचे लोक कौतुकाने बघत होते, त्यांना वाटलं असणार ह्याला काहीतरी झालं. मावशीने नंबर दिला, त्याच्यासाठी डोसा मागवला आणि तो संपेपर्यंत उठू दिलं नाही.

गुरुवार

गिरिवलम, म्हणजे डोंगराची चौदा किलोमीटरची प्रदक्षिणा, आम्ही पहाटे शेअर नसलेल्या रिक्षाने केली. आठ लिंगांपाशी उतरायचं, हात जोडायचे, परत बसायचं. पुण्य निम्मं मिळत असेल तरी चालेल, मावशी म्हणाली. रस्ताभर भगव्या कपड्यातली माणसं झोपलेली.

नंतर आश्रमातल्या मातृभूतेश्वराच्या देवळात बसलो. ही महर्षींच्या आईची, अळगम्माळची समाधी. १८९८ मध्ये ती शोधत आली तेव्हा मुलगा मळकट, जटा झालेला, नखं वाढलेली, तोंडातून शब्द नाही. दिवसेंदिवस रडली, घरी चल म्हणाली. शेवटी त्याने कागदावर लिहून दिलं की ज्याच्या त्याच्या प्रारब्धाप्रमाणे होतं, गप्प राहणं उत्तम. गेली बिचारी परत. १९१६ मध्ये कायमची राहायला आली तेव्हाही आधी तो तिच्याशी बोलायचा नाही, इतर बायकांशी बोलायचा, आणि तिने तक्रार केली तर म्हणाला सगळ्याच बायका माझ्या आई आहेत. ह्या वाक्यावर मावशी गेली कित्येक वर्षं चिडून आहे. चाळीस वर्षांची भक्ती, पण हे वाक्य तिने माफ केलेलं नाही.

"पण १९ मे १९२२," ती म्हणाली. त्या दिवशी आईचा शेवट आला तेव्हा तो सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्याजवळ बसून होता, उजवा हात छातीवर, डावा डोक्यावर. जेवला नाही. भक्त म्हणतात तिला मुक्ती दिली. "मुक्तीचं मला माहीत नाही. मीही बसले होते असाच हात ठेवून. ह्यांचं 'मी' तेव्हा कुठे होतं ते मला अजून कळलेलं नाही. इथे येऊन कळेल असं वाटलं होतं."

"कळलं नाही?"

"नाही. पण सोळा वर्षांच्या त्या मुलाला तरी त्या दिवशी कुठे कळत होतं." मग म्हणाली चल, प्रसाद संपेल.

शुक्रवार, चेन्नईकडे

चेन्नईला टॅक्सीने निघालो. वाटेत जिंजी लागलं, ड्रायव्हरला सांगून थांबलो, राजाराम महाराजांनी मुघलांच्या वेढ्यात जिथून राज्य चालवलं तो किल्ला तसाच सोडून जाणं मराठी माणसाला शक्य नाही. पण ऊन फार, खालूनच बघितला.

गाडीत बसताना कोथरूडच्या मुलाचा मेसेज आला होता. पुद्दुचेरीतल्या एका डॉक्टरची सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. खाली लिहिलेलं, पण काकू, गोळ्यांनी मी परत आला तर एवढं सगळं वाया नाही का जाणार? मावशीने चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि टाइप करायला घेतलं. एक बोटाने, मराठी कीबोर्डवर, तिंडिवनमच्या टोलनाक्यापर्यंत. मी डोकावून बघितलं तर लिहिलं होतं की वाया गेलं तर जाऊ दे, आधी आईला व्हिडिओ कॉल कर आणि तिला वाटेल तितका वेळ बोलू दे, आणि सोमवारी एकटा जाऊ नकोस, कुणीतरी सोबत ने.